झाडलेली वाट

२८ जानेवारी, बुधवार
रानमोह कॅम्प, तेंदूटोला

अंकुश,

माझा नंबर ब्लॉक केलास, ठीक आहे. पण तेवढ्याने मी गप्प बसेन असं तुला वाटत असेल, तर सात वर्षं माझ्याबरोबर हा कॅम्प चालवून तुला काहीच कळलं नाही म्हणायचं. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा कागदावर पत्र लिहितोय. अक्षर पाहून हसायचं तर हस. महादेवराव कंडक्टर म्हणाले, बुटीबोरीला ड्यूटी संपली की तू स्टँडसमोरच्या पानठेल्यावर असतोस, तिथे ते हे तुझ्या हातात देतील. आणखीही काही म्हणाले, पण तोंडात खर्रा होता, कळलं नाही.

सूतगिरणीच्या गेटवर सिक्युरिटीचा निळा शर्ट घालून उभा असतोस म्हणे. वाळल्या पानाखालचा साप ज्याला दहा पावलांवरून दिसतो, त्याने आत जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायचे! तुझी मर्जी. मी परत बोलवायला लिहीत नाहीये. तुझे बूट आणि दुर्बीण इथेच आहेत, एवढं कळवायचं होतं.

आणि एक विचारायचं होतं. नाल्याकडच्या वाटेवर, मोहाच्या झाडाच्या थोडं अलीकडे, आज सकाळी एक माग दिसला. एकच पंजा नीट उमटलाय, बाकीचे पाचोळ्यात गेले. चहाच्या बशीएवढा असेल. बोटं जरा लांबट. बिबट्याच असणार, नाही का? मोठा नर बिबट्या. तू म्हणायचास की ओल्या मातीत माग पसरतो आणि आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. माती ओली नव्हती, पण दव होतं.

तसंही हल्ली मी पाहुण्यांना मोहापर्यंतच नेतो. पुढे ऊन लागतं. पण आठ तारखेला, रविवारी, गार्गीच्या वर्गाची सहल येतेय. सहावीची सव्वीस मुलं आणि सुमती मॅडम. त्यांना वाट शेवटपर्यंत करायची आहे, नाल्याकाठच्या सपाट खडकावर बसून चित्रं काढायची आहेत. माझ्या लेकीनेच वर्गात फुशारकी मारलीय की आमच्या बाबांच्या जंगलात जिप्सी लागत नाही, आम्ही पायी जातो. आणि खरंच आहे ते. सफारीचं गेट आपल्यापासून बावीस किलोमीटरवर. आपल्याकडे माणूस येतो तो पायी जंगल बघायला. ती वाट काढून टाकली तर राहतं काय, एक झोपाळा आणि चुलीपाशी दिपालीच्या हातचं भरीत.

तेव्हा बिबट्याच आहे एवढं दोन ओळीत लिहून महादेवरावांकडे दे. बाकी काही लिहू नकोस.

उन्मेष


३१ जानेवारी, शनिवार

अंकुशराव,

उत्तर नाही. महादेवराव म्हणाले, तू पत्र घेतलंस, उघडलं नाहीस, खिशात घातलंस आणि चहा सांगितलास. एवढा तोरा कुठून आला गा तुझ्यात?

मग आज होऊनच जाऊ दे. माझी काय चूक होती ते मला सांग. सत्तावीस डिसेंबर. पुण्याचे बारा पाहुणे, दिवाळीपासून बुकिंग केलेले. सकाळी साडेसहाला त्यांना घेऊन निघतो, तर वाटेच्या तोंडाशी पळसाची ओली डहाळी आडवी टाकलेली. ना विचारणं, ना सांगणं. तुमच्या गावात डहाळी आडवी पडली की त्या वाटेने कोणी पाऊल टाकत नाही, तुझे बाबा, देवरावबाबा, जंगलात रोजीवर होते तेव्हापासूनची ही पद्धत, सगळं मला ठाऊक आहे. पण पुण्याच्या माणसाला ते कसं सांगायचं? तू तिथेच उभा होतास. म्हणालास, "भाऊ, आज नका जाऊ. वाघिणीचा माग हाय, जड हाय. पिल्लं द्याले जागा पाहून राहिली ते."

मी डहाळी उचलून बाजूला टाकली. बारा लोक गेले, बारा लोक परत आले. संध्याकाळी शेकोटीपाशी त्यातल्या एका बाईंनी विचारलं की ती फांदी कशासाठी होती. मी म्हणालो, "आमच्या अंकुशला उंदीर गेला तरी वाघ दिसतो." सगळे हसले. तू ताट घेऊन उभा होतास. ताट खाली ठेवलंस आणि सकाळच्या पहिल्या बसने गेलास. एका जोकवरून! सात वर्षांत मी तुला यापेक्षा वाईट बोललो असेन. तूही मला बोलला आहेस. गाडीची चावी मी विहिरीत पाडली होती तेव्हा तू माझ्या बापाचा उद्धार केला होतास, मी गेलो का सोडून?

इथलं सगळं ठीक चाललंय. रेंज ऑफिसची वही आता मीच भरतो. रोज कोणता माग दिसला, कोणता आवाज आला, ते लिहून शनिवारी सही करायची. तू भरायचास तशीच भरतो. म्हणजे तशीच नाही, तू दोन दोन पानं लिहायचास, मी "हालचाल नाही" लिहितो. बशीएवढ्या मागाचं लिहिलं नाही, कारण बिबट्याचं काय लिहायचं.

मोती परवापासून दिसत नाहीये. टोल्यातल्या वस्तीत कुठल्या तरी कुत्रीच्या मागे गेला असेल. येईल भूक लागली की.

उन्मेष


३ फेब्रुवारी, मंगळवार

अंकुश,

मोती आला नाही. टोल्यात घरोघर विचारून आलो, कोणी पाहिला नाही.

दिपालीने सरपण आणणं बंद केलंय. काल चुलीपाशी तिला विचारलं, "नाल्याकडे काहून जात नाहीस वं?"

"तुमी जा."

"भीती वाटते का?"

"मले कायची भीती? माह्या लेकरायले वाटते. मी वापस नाही आली त त्यायले कोण पाहीन?"

मी म्हणालो, नुसता बिबट्या आहे. ती भाकरी थापता थापता थांबली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच उठून बाहेर गेलो. मागून तिचा आवाज आला, "अंकुश गेल्यापासून तुमी सोता कितीदा गेले मोहाच्या पुढं, सांगा बरं." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

आता एक गोष्ट लिहितो आणि त्यावरून तू शिव्या देणार हे मला माहीत आहे. तू होतास तेव्हा वाट संध्याकाळी झाडायचास. रात्रभर जनावरं त्या मातीवरून जायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी तू एकटा जाऊन ती वाचायचास, बोटाने दाखवत, जसं काही गावातल्या चावडीवरचा फळा वाचतोयस. मग आम्हाला हिरवा झेंडा. तू गेल्यावर झाडायचं काम मी दिपालीकडे दिलं आणि सकाळी सहाला झाडायला सांगितलं. पाहुण्यांच्या पायाखाली पाचोळा नको, फोटो छान येतात. तिने एकदा विचारलं होतं की आधी कोणी पाहून येतं का. मी म्हणालो, तू झाड.

म्हणजे पाच आठवडे रात्री जे उमटायचं ते आम्ही रोज सकाळी, न वाचता, खराट्याने पुसत होतो. तो एक पंजा मला दिसला, कारण त्या दिवशी दिपालीला ताप होता. हे माझ्या डोक्यात काल आलं. काल! आणि मी लोकांना जंगल शिकवतो.

पण आता मी कामाला लागलोय. काल संध्याकाळी मीच खराटा घेतला आणि मोहापासून पुढे थेट खडकापर्यंत वाट झाडली. दर दोन पावलांनी मागे बघत होतो, तुला खोटं कशाला सांगू. माती चाळणीने चाळल्यासारखी केली, तू करायचास तशी. आज सकाळी साडेसहाला जाऊन पाहिलं. काही नाही. एकसुद्धा माग नाही. आज संध्याकाळी पुन्हा झाडतो, उद्या पुन्हा. तीन सकाळी लागोपाठ काही दिसलं नाही तर ती इथे नाही असं धरायला हरकत नाही ना? तू काय म्हणशील?

"ती" लिहिलं गेलं. असू दे. तुला बिबट्याचं पटलं नसतंच.

मुलांची सहल पुढे ढकलता आली असती. पण सुमती मॅडमना कारण काय सांगू? वाघीण म्हटलं तर त्या शाळेत सांगणार, शाळा पालकांना, आणि संध्याकाळपर्यंत रेंजर साहेब वही मागणार. त्या वहीत पाच आठवडे माझ्या सहीने "हालचाल नाही" लिहिलंय. वाट बंद, परवानगी बंद, कॅम्प बंद. दिपाली धरून टोल्यातली नऊ माणसं इथे कामाला आहेत. तेव्हा मला फक्त खात्री करायची आहे, दुसरं काही नाही.

माझा तुझ्यावरचा राग तसाच आहे. पण उत्तर दे.

उन्मेष


५ फेब्रुवारी, गुरुवार

अंकुश गा,

गेली! तीन संध्याकाळी झाडली, तीन सकाळी पाहिली. मोहापासून खडकापर्यंत वाट अशी कोरी की शाळेतली धुतलेली पाटी. कोणाचाच माग नाही. माझ्या चपलांशिवाय त्या मातीवर काहीही नाही. काल रात्री पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला नीट झोप लागली.

गार्गीचा फोन आला होता. तिच्या वर्गातल्या रोशनी नावाच्या मुलीला किड्यांची भीती वाटते, तर तिच्यासाठी वेगळी वाट आहे का म्हणे. मग विचारलं, "अंकुशकाका असतील ना?" मी म्हणालो, असतील. तोंडातून गेलं. ती लगेच म्हणाली, मग मी सगळ्यांना सांगते की काका माग वाचून दाखवतात. तेव्हा आता रविवारी सकाळची सातची बस धर. एका दिवसापुरता ये, मग जा परत तुझ्या गेटवर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मुलांशी बोल.

चिवडा, केळी, संत्री आणून ठेवलीत. खडकावर बसून खातील.

ती गेलीच आहे, तर आता तुला सांगून टाकतो. हे मी कोणाला बोललेलो नाही. गार्गीच्या आईलाही नाही.

सत्तावीस डिसेंबरला बारा लोक गेले आणि बारा लोक परत आले, हे खरं. मध्ये काय झालं ते मी लिहिलं नव्हतं. खडकाच्या अलीकडच्या वळणावर मोठ्या कोळ्याचं जाळं होतं. सगळे वाकून त्याचे फोटो काढत होते. मी उजवीकडे पाहिलं. करवंदीच्या जाळीत, इथून अंगणातल्या तुझ्या खाटेपर्यंत जेवढं अंतर असेल तेवढ्यावर, ती होती. बसलेली. कान मागे दाबलेले. माझ्याकडे बघत होती. आवाज नाही, शेपटी हलत नाही, काही नाही. पोट केवढं मोठं होतं. एक माणूस कॅमेरा घेऊन दोन पावलं मागे सरकत होता, तिच्याच बाजूला. मी त्याच्या दंडाला धरून ओढलं आणि हसत म्हणालो, "चला, पुढे काही नाही, तलावाकडे पक्षी बघू." त्यांना काही कळलं नाही. परत आल्यावर बाथरूमची कडी लावून तिथेच बसलो, मग तोंड धुऊन बाहेर आलो.

आणि त्याच संध्याकाळी मी शेकोटीपाशी तो उंदराचा जोक केला.

तुझं खरं आहे हे तेव्हा मला माहीत होतं, अंकुश. बारा लोकांना मी कुठे नेलं होतं ते त्यांना कळू नये, म्हणून मी तुला हसण्यावारी नेलं. तू ताट खाली ठेवलंस तेव्हा माझ्याकडे पाहिलंस. मी नजर फिरवली आणि कोणाला तरी विचारलं, भरीत आवडलं का. मला स्वतःची फार लाज वाटते. त्यानंतर मी एकही माणूस मोहाच्या पुढे नेलेला नाही. ऊन वगैरे काही नाही, मीच घाबरतो.

पण आता ती गेलीय. वाट कोरी आहे. तू फक्त रविवारी ये.

तुझा,
उन्मेष


६ फेब्रुवारी, शुक्रवार
बुटीबोरी

उन्मेषभाऊ,

तुमचे चारी पत्रं आज एका टायमाले वाचले. पयले तीन उघडले नोते. उघडाचे नोतेच. महादेवराव म्हणे, हा आदमी रोज फाट्यावर येऊन इचारते, वाचून तं पाह्य.

जोकचं मी काई म्हणत नाई. दुसरं सांगतो, ते नीट वाचा.

तुमी लिवलं, तीन दिस कोनाचाच माग नाई. कोनाचाच? ससा नाई? लांडोर नाई? त्या वळनावर रोज सकाळी रानकोंबड्या माती उकरते, मी सात वर्सं पाह्यलं. चितळ पान्यावर जाते त्याच वाटेनं. हे सारे कुठी गेले? भाऊ, वाघ चालला गेला त हे पयले वापस येते. वाट कोरी हाय म्हंजे कोनीबी तिकडं फिरकून नाई राहिलं. ते गेली नाई. ते तिथंच हाय.

तिचा सोताचा माग काहून नाई? कारन तुमी रोज झाडून राहिले. तुमचा वास, तुमच्या खराट्याचा आवाज. तिनं वाट सोडली, नाल्याच्या पोटातून येते अन् जाते. पिल्लं महिना-सव्वा महिन्याचे असन, दूर जाऊ शकत नाई. तुमी तीन सांजा तिच्या दारापुढं झाडू मारून वापस आले. तुमचं नशीब.

एकटा आदमी वाकून झाडते त ते सोडून देते. सव्वीस लेकरं कल्ला करत खडकावर जाईन त नाई सोडनार. माय हाय ते.

मी रईवारी नाई येत. मी आलो त तुमी म्हनान अंकुश हाय ना, चला. मी नसलो तवाच तुमाले थांबा लागन. मोती गेला, हे तुमाले मालूम हाय. माह्या बापानं पाळला होता तो.

गार्गीले माह्याकून काई सांगू नका. जे सांगाचं ते तुमीच सांगा.

अंकुश


८ फेब्रुवारी, रविवार
दुपार, फाट्यावरचं रेंज ऑफिस

अंकुश,

तुझं पत्र काल साडेचारच्या बसने आलं. फाट्यावर उभ्या उभ्या वाचलं. खरं सांगू, पहिल्यांदा मला राग आला. बुटीबोरीत ट्रक मोजत बसलेला माणूस मला माझ्या वाटेबद्दल सांगतो! पत्र चुरगाळून खिशात घातलं आणि कॅम्पवर येऊन खराटा उचलला. साडेपाच झाले होते. दिपाली ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "कुठी निघाले?"

"झाडायला."

"काय लिवलं त्यानं?"

मी चपला घातल्या. ती उठली नाही, अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "जा मंग. पन तो खराटा मले आणून द्या, नवीन हाय."

मी निघालो. मोहापर्यंत सरळ गेलो. तिथे उभं राहून, तू नेहमी सांगायचास तसं, ऐकायला लागलो. पहिल्यांदाच ऐकलं म्हणायला हवं, कारण तीन दिवस मी फक्त खाली बघत होतो. तलावाच्या बाजूने पोपटांचा गोंगाट होता, माकडं होती, एक मोर ओरडत होता. नाल्याच्या बाजूने काहीही नाही. मातीवर माझ्याच चपला, जाताना आणि येताना. मी आणखी पंधरा-वीस पावलं गेलो असेन. का गेलो विचारू नकोस, तुझं चुकलंय हे मला सिद्ध करायचं होतं. वळण दिसायला लागलं आणि आवाज आला. स्टँडवर एसटी उभी असते आणि इंजिन नुसतं चालू असतं, तसा. जमिनीतून येत होता. मी थांबलो. तो थांबला. मी अर्धं पाऊल पुढे सरकलो, म्हणजे पाय मागे घेताना तोल गेला, तर तो पुन्हा सुरू झाला, आता जास्त जवळून. मी खराटा हळूच खाली ठेवला. पाठ न वळवता मागे मागे येत राहिलो, मोहाला पाठ लागेपर्यंत. ती दिसली नाही. तिला मी दिसत होतो.

कॅम्पवर येऊन आधी पाणी प्यायलो आणि मग रेंजर साहेबांना फोन लावला. वहीचंही सांगितलं. त्यांनी तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाले, रात्री कॅम्पमध्ये एक माणूस ठेवायचा नाही, सगळ्यांना टोल्यात पाठवा आणि सकाळी सहाला वही घेऊन माझ्यासमोर या.

मग सुमती मॅडमना. मी सुरुवात केली ती अशी की वन विभागाच्या काही कारणाने. त्यांनी मध्येच विचारलं, "उन्मेष सर, नक्की काय झालंय?" शिक्षकांना कळतं गा. मग सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बस ठरली आहे, मुलांनी डबे भरलेत, आम्ही तलावाच्या बंधाऱ्यावर जाऊन परत येऊ, फाट्यापासून आत येणार नाही. "पण पायवाट का नाही, ते मुलांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

आज सकाळी दोन गार्ड नाल्याच्या पलीकडच्या टेकाडावरून दुर्बीण लावून बघून आले. तुझीच दुर्बीण दिली मी त्यांना. ती आहे. तीन पिल्लं आहेत. सपाट खडकापासून तीस पावलांवर, करवंदीच्या मागे, नाल्याच्या कडेला जी खोबण आहे तिथे. त्यातल्या एका गार्डने ते कसं सांगितलं माहीत आहे? म्हणाला, खडकावर ऊन आलं की पिल्लं तिथे येऊन लोळतात, वाळलेली चिखलाची ढेकळं तोंडात धरून ओढतात. मी तिथेच चिवड्याची पुडकी वाटणार होतो. मोतीचा पट्टाही त्यांना टेकाडावरून दिसला.

वाट बंद. कॅम्पची परवानगी चौकशी होईपर्यंत बंद. चौकशीत काय होईल ते होईल. मी जबाब लिहून दिला, चार पानं. पुण्याच्या बारा लोकांचं लिहिलं. जाळीतलं लिहिलं. सत्तावीस डिसेंबरला सकाळी तू इशारा दिला होतास आणि मी तो मोडला, हे तुझ्या नावानिशी लिहिलं. रेंजर साहेबांनी विचारलं की हा अंकुश आता कुठे असतो. मी पत्ता दिला. ते तुला बोलावतील. पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांना नाल्यावर लक्ष ठेवणारा माणूस लागणार आहे. यायचं की नाही ते तू त्यांना सांग. मी मध्ये नाही. दिपालीला त्यांनी रोपवाटिकेत घ्यायचं कबूल केलं, बाकी आठ जणांचं अजून काही ठरलेलं नाही. मी दिसलो की टोल्यातले लोक आपसातलं बोलणं थांबवतात.

साडेआठला बस आली. गार्गी सगळ्यांच्या आधी उतरली. टोपी, पाण्याची बाटली, गळ्यात कंपास. धावत आली आणि माझ्या मागे बघायला लागली, तू कुठे आहेस ते. मी म्हणालो, काका नाही आले. तिचा चेहरा उतरला, पण वर्गासमोर होती म्हणून रांगेत जाऊन उभी राहिली.

ऑफिसच्या अंगणात मुलांना बसवलं. मी उभा राहिलो. पालकांसमोर, साहेबांसमोर, पाहुण्यांसमोर मी कितीतरी वेळा बोललोय, पण आज पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. सांगितलं की नाल्यापाशी वाघीण आहे, तिला तीन पिल्लं आहेत. मुलांनी एकदम कल्ला केला, दोघं उभीच राहिली. मग सांगितलं की हे आपल्याला अंकुशकाकांमुळे कळलं. त्यांनी मला डिसेंबरमध्येच सांगितलं होतं. तेव्हा मला ती दिसलीसुद्धा होती. तरी मी लोकांसमोर काकांची थट्टा केली आणि रोज वहीत खोटं लिहिलं. काकांचं पत्र काल आलं, म्हणून आज आपण तिकडे जात नाही.

एका मुलाने विचारलं, पिल्लांचे डोळे कोणत्या रंगाचे असतात. सुमती मॅडम त्याला काहीतरी सांगायला लागल्या.

गार्गीने हात वर केला. स्वतःच्या बापाला प्रश्न विचारायला हात वर केला, अंकुश.

म्हणाली, "बाबा, काकांचं पत्र आलं नसतं तर?"

मी म्हणालो, "तर काय?"

"तर आम्हाला नेलं असतं?"

सव्वीस मुलं माझ्याकडे बघत होती. तिला मी आजवर कितीतरी गोष्टी सांगितल्यात, त्यातल्या निम्म्या रंगवून. मी तिच्याकडे बघितलं आणि हो म्हणालो.

तिचा हात अजून अर्धा वर होता. मग उठली, मुलांच्या रांगेतून वाट काढत बसमध्ये गेली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीपाशी जाऊन बसली.

उन्मेष